विल्सन रुमावची चौकशी

विल्सन रुमाव हा माणूस सोबतीला फार चांगला, पण तपासायला बसला की महाकटकटी. सदानंद आगटे हे चौदा वर्षं सगळ्यांना सांगत आला होता, आणि सांगताना त्याच्या आवाजात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त असायचं. दोघंही कतारच्या राजधानीत, दोह्यात, ओल्ड एअरपोर्ट भागात राहायचे, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. सकाळी पाचला एकाच गाडीतून हमद पोर्टच्या रस्त्याला लागायचे. त्या रस्त्यावर एका कंपनीचं यार्ड होतं. परदेशातून आलेले पंप, पाइप, यंत्रं तिथे उतरवून ठेवायची आणि मागणी आली की क्रेननं उचलून ट्रकवर चढवायची, हा तिथला धंदा. सदानंद तिथला मॅनेजर. विल्सन लिफ्टिंग इन्स्पेक्टर, म्हणजे क्रेनला माल ज्या जाड कापडी पट्ट्यांनी बांधतात ते पट्टे धड आहेत की नाहीत, हे ठरवणारा माणूस.

ऐकायला काम अगदी फुसकं वाटतं. पण पट्ट्याला चार टन लटकलेले असतात आणि खाली माणसं उभी असतात. म्हणून दर तीन महिन्यांनी यार्डातला एकूण एक पट्टा तपासायचा, पास झाला की त्याला त्या तिमाहीच्या रंगाचा टॅग बांधायचा, टॅगवर तारीख आणि सही. जानेवारी ते मार्च हिरवा, मग निळा, पिवळा, लाल, आणि पुन्हा जानेवारीत हिरवा. टॅग नसेल तर पट्ट्याला हात लावायचा नाही. बाकीच्या यार्डांतले इन्स्पेक्टर लांबून नजर टाकून सह्या ठोकत. विल्सन खाली पुठ्ठा टाकून गुडघ्यांवर बसायचा, हातमोजे काढायचा, डोळे मिटायचा आणि पट्ट्यावरून इंच इंच बोटं फिरवायचा. "डोळे फसतात रे, बोटं नाही फसत," म्हणायचा. नापास झालेला पट्टा तिथल्या तिथे सुरीनं कापून म्हणायचा, "खलास!" कामगार त्याला मागे खलाससाहेब म्हणत आणि पुढे चहा आणून देत. वसईच्या गास गावातून आलेला हा त्रेपन्न वर्षांचा माणूस एकवीस वर्षं कतारमध्ये होता, आणि त्याच्या यार्डात उचललेला माल कधी पडला नव्हता. याचा त्याला गर्व होता का? होता. चांगला भरपूर होता. पण ज्याला गर्व करायला काहीतरी आहे त्यानं थोडा केला तर आपल्या पोटात का दुखावं?

सदानंद पुण्याचा. कॉलेजात असताना जुन्या ग्रीक शोकांतिकांच्या वेडानं झपाटलेला. अभिनय बेताचा, म्हणून दरवेळी मागच्या रांगेत, राजाचं काय होतंय ते बघून हळहळणाऱ्या नगरवासीयांत उभा केलेला. रोजच्या चाळीस मिनिटांच्या प्रवासात तो ती नाटकं विल्सनला ऐकवायचा. तिथला नायक वाईट नसतो, चांगलाच असतो. संकट टाळायला तो जी वाट धरतो, तीच त्याला संकटाच्या दारात नेऊन उभी करते. आणि गंमत अशी, की बघणाऱ्या सगळ्यांना ते आधीच कळलेलं असतं, कळत नाही ते फक्त त्याला.

"आणि कोणी सांगत नाही त्याला? थांब म्हणून?"

"सगळे सांगतात. तो ऐकत नाही."

"मग त्यात नशीब कुठे आलं?" विल्सन म्हणायचा. "चेकिंग कमी पडलं, दुसरं काय!"

सदानंद हसायचा. ग्रीक शोकांतिकेवर इतका छोटा अभिप्राय त्यानं दुसरीकडे ऐकला नव्हता.

त्या वर्षी विल्सनच्या मुलीचं, लवीनाचं लग्न होतं. वसईत नाताळ झाला की लग्नांचे दिवस, त्यामुळे नऊ जानेवारीची तारीख धरली होती. विल्सन अठ्ठावीस डिसेंबरला सुट्टीवर जाणार होता. बदली माणसावर नव्या तिमाहीची तपासणी सोपवायला त्याचा जीव होईना. म्हणून त्यानं जायच्या आधी तीन दिवसांत तीनशे पट्टे स्वतः तपासले. पास झालेले उजवीकडे, नापास कापलेले डावीकडे. उजवीकडच्यांना स्टोअरकीपर रिफतनं हिरवे टॅग बांधले. मग विल्सन वसईला गेला, मुलीच्या लग्नात नाच नाच नाचला आणि वीस जानेवारीला परत कामावर हजर झाला.

फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, पंपाची पेटी जमिनीपासून दीड मीटर वर असताना पट्टा तुटला. नसरुद्दीन नावाचा बिहारचा कामगार पेटीला दिशा देत बाजूला उभा होता. त्यानं उडी मारली म्हणून जीव वाचला, पण डाव्या पायाची दोन बोटं गेली.

विल्सननं नसरुद्दीनला ॲम्ब्युलन्सपर्यंत स्वतः उचलून नेलं. मग परत येऊन तुटलेला पट्टा हातात घेतला. आतल्या धाग्यांच्या उन्हानं कुजून कण्या झाल्या होत्या. "हा पट्टा मी पास केला असता?" तो म्हणाला. "आंधळ्याच्या पण हाताला लागलं असतं हे!" पट्ट्याला हिरवा टॅग होता. टॅगवर विल्सनची सही होती. आणि तारीख होती नऊ जानेवारी.

"नऊ जानेवारी! त्या दिवशी मी चर्चमध्ये पोरीचा हात धरून चाललो होतो, सदा! माझी सही मारली कुणीतरी!"

कुणालाच शंका उरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या टूलबॉक्स टॉकला, म्हणजे काम सुरू होण्याआधी सगळ्यांना उभं करून सूचना देतात तेव्हा, विल्सन ऐंशी माणसांसमोर आला आणि हिंदीत गरजला. ज्यानं खोटी सही केली त्यानं हे यार्ड सोडायचं. मॅनेजरसाहेबांनी माफ केलं तरी मी करणार नाही. माझा सख्खा भाऊ असला तरी इथे राहणार नाही. मग सदानंदकडे वळून मराठीत म्हणाला, "चौकशी मला दे."

ज्याची सही आहे त्याच्याकडेच चौकशी द्यायची नसते, हे शाळकरी पोरालाही कळेल. सदानंदला कळत नव्हतं असं नाही. पण विल्सनवर संशय घ्यायचा म्हणजे सूर्य कुठून उगवतो त्याची खात्री करायला बाहेर जाऊन बघायचं. त्यानं चौकशी देऊन टाकली.

विल्सननं पहिल्याच दिवशी स्टोअरचं रजिस्टर उघडलं. नऊ जानेवारीची नोंद होती: पट्टा क्रमांक दोनशे बारा, हिरवा टॅग. अक्षर रिफतचं. रिफत चित्तगावचा, दोन मुलींचा बाप, मान खाली घालून काम करणारा माणूस. विल्सननं त्याला समोर उभं केलं. तारीख मी टाकली, रिफत म्हणाला. टॅग मी बांधला. सही? "साइन मैंने नहीं किया, साहब." मग कुणी केली? यावर रिफत गप्प. विल्सन तासभर ओरडला, त्यानं टेबलावर हात आपटले, पण रिफतच्या तोंडून पुढे शब्द निघाला नाही.

खोट्या सहीचं प्रकरण म्हणजे पोलीस, कोर्ट, आणि त्यातून सुटलाच तर कायमचं मायदेशी. रिफतचं पुढे काय होणार हे यार्डातल्या सगळ्यांना दिसत होतं. मंगळवारी दुपारी सदानंदनं त्याला एकट्याला केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला आणि दार लावून घेतलं.

"खरं सांग. मी विल्सन नाही, ओरडणार नाही," तो हिंदीत म्हणाला.

रिफतनं चहाला हात लावला नाही. मग त्यानं सांगितलं, ते असं.

२०२० चा मार्च. सगळं बंद पडत होतं. पोर्ट मात्र चालू होता, कारण खाण्यापिण्याचं सामान त्याच वाटेनं येत होतं. त्यातली बरीच खोकी त्यांच्याच यार्डातून पुढे जात होती. आणि नेमका विल्सन आजारी पडून घरात कोंडलेला. नवे पट्टे आले होते, त्यांना टॅग नाही, टॅग नाही म्हणून माल उचलायचा नाही. तेव्हा विल्सननं रिफतला घराखाली बोलावलं. दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून त्याच्या बायकोनं, सेलीननं, सुतळीला पिशवी बांधून खाली सोडली. पिशवीत तीस हिरवे टॅग, सगळ्यांवर विल्सनची सही, तारखा कोऱ्या. नवेकोरे पट्टे आहेत, फोनवर मला एकेकाचा व्हिडिओ दाखव आणि बांध, विल्सन म्हणाला होता. सत्तावीस वापरले गेले. मग एप्रिल उजाडला, रंग निळा झाला, आणि उरलेले तीन टॅग खणात तळाशी गेले ते गेलेच.

या नऊ जानेवारीला रिफतला पास झालेल्या पट्ट्यांच्या ढिगात एक पट्टा टॅगाविना दिसला. डिसेंबरात टॅगांचा गठ्ठा संपला होता तेव्हा राहून गेला असणार. साहेबांच्या उजव्या ढिगातला पट्टा म्हणजे पासच! खणात साहेबांच्या सहीचा टॅग सापडला. साहेब सुट्टीसाठी ठेवून गेले असतील असं वाटून त्यानं तारीख टाकून बांधला. कधीचा टॅग होता ते त्याला अपघातानंतर उमगलं.

"मग हे त्याला का नाही सांगितलंस?"

रिफत म्हणाला, त्या साली माझं कॉन्ट्रॅक्ट तोडत होते. साहेब तापातून उठून ऑफिसात आले आणि म्हणाले, हा गेला तर मीही जातो. "उनको याद नहीं है. मैं याद नहीं दिलाऊँगा. आप भी मत बोलना, सर."

सदानंद खुर्चीत बसून राहिला. म्हणजे सही विल्सनचीच होती. आणि तो कुजका पट्टा उजव्या ढिगात ठेवणारा हातही विल्सनचाच. तीनशे पट्टे, तीन दिवस, डोक्यात पोरीचं लग्न. दुसऱ्यावर विश्वास टाकला असता तर एक वेळ निभावलं असतं. अति काळजीनं घात केला. सदानंदला भीती वाटली, खरीखुरी. कॉलेजात तो ज्या रांगेत उभा राहायचा त्याच रांगेत पुन्हा जाऊन उभा राहिला होता, आणि आता हळहळण्याचं नाटक करायची गरज नव्हती.

त्यानं गप्प बसायचं ठरवलं. ही गोष्ट वाचणाऱ्यांपासून लपवून चालणार नाही, म्हणून सरळ सांगायला हवी. माणूस वाईट नव्हता, पण मित्र वाचावा म्हणून त्यानं तडजोड शोधून काढली: 'कारण निश्चित करता आले नाही' असं लिहायचं, रिफतला एक वॉर्निंग लेटर, विषय बंद. रिफतची नोकरी राहील, विल्सनची अब्रू राहील. सत्य तेवढं राहणार नाही, पण सत्याला बायकोपोरं थोडीच असतात, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

बुधवारी गाडीत त्यानं विषय काढला. "बंद कर आता हे. नसरुद्दीन बरा होतोय. ताणून काय मिळणार?"

विल्सननं त्याच्याकडे वळून बघितलं. "तू त्याला वाचवतोयस."

"मी कुणालाही वाचवत नाहीये."

"सेलीन पण तेच म्हणते. सोड, सोड. काल ताटावरून उठून गेली. तुम्हा सगळ्यांना झालंय काय? एका माणसाचा पाय गेला, सदा! उद्या दुसऱ्याचं डोकं जाईल."

सेलीन पण. सदानंदनं गाडी नीट रस्त्यावर ठेवायचा प्रयत्न केला. पिशवी खाली सोडणारीला सगळं आठवलं होतं. आता तिघांना ठाऊक होतं, आणि ज्याचा जीव त्यात अडकलेला त्याला नव्हतं.

गुरुवारी दुपारी विल्सन पुराव्यासकट केबिनमध्ये आला. चेहरा उजळलेला. टेबलावर टॅग ठेवला, शेजारी आपली आजची सही. "बघ! यात डब्ल्यूला मोठा गोल फेरा आहे, खाली शेपूट आहे. माझी सही अशी नाहीच! मी आखूड करतो. म्हणजे खोटी, लेखी सिद्ध!"

"बरं," सदानंद म्हणाला. "मग पुरे झालं की."

"पुरे कसं? हेड ऑफिसला दाखवायला जुनी रजिस्टरं लागतील. मी कधीच अशी सही करत नव्हतो हे कळलं पाहिजे." आणि कपाटाकडे गेला.

कपाटाची चावी सदानंदच्या खिशात होती. हरवली म्हणता आलं असतं. तो तेही म्हणाला नाही, चावी काढून दिली. का दिली, हे त्याला आजही नीट सांगता येत नाही.

विल्सन एकेक वर्ष मागे जात राहिला. गेल्या वर्षीची सही आखूड. त्याच्या आदल्या वर्षी आखूड. दरवेळी तो जोरात "हे बघ!" म्हणायचा. २०२२, आखूड. २०२१ च्या मध्यावर त्याचं बोट थांबलं. पासपोर्ट नवा करताना काउंटरवरच्या बाईनं सही चौकटीबाहेर जाते म्हणून परत पाठवलं होतं, तेव्हापासून त्यानं सही आखूड केली होती. त्याच्या मागे पानापानावर मोठा गोल फेरा आणि खाली शेपूट. 'हे बघ' म्हणायचं बंद झालं. त्यानं पानं उलटली, २०२०, मार्च. रजिस्टरच्या समासात रिफतच्या अक्षरात लिहिलं होतं: तीस टॅग, साहेबांच्या घरून.

बाहेर क्रेनचा भोंगा वाजत होता. विल्सन खाली बसला. टॅग उचलून त्यानं सहीवरून बोट फिरवलं, पट्ट्यावरून फिरवायचा तसंच.

"माझीच," तो म्हणाला. मग म्हणाला, "रिफतला माहीत होतं?"

"हो."

"सेलीनला?"

"असावं."

"तुला?"

सदानंदनं होकारार्थी मान हलवली आणि रिफतकडून ऐकलेलं सगळं सांगून टाकलं. विल्सन चिडला नाही. ते एक सदानंदला फार लागलं.

"नशीब रे," सदानंद कसंबसं म्हणाला. "कुठल्या कुठल्या वर्षातला टॅग, आणि नेमका त्याच पट्ट्याला..."

"नशीब म्हणू नको." विल्सननं मान वर केली. "नशीब म्हटलं की सगळे सुटतात. टॅग परत मागायचे मी विसरलो. पट्टा उजवीकडे मी ठेवला. नसरुद्दीनच्या पायावर ते माझ्या हातानं पडलं." मग उठला. "रिफत कुठाय?"

आपल्याकडे चूक मान्य करायची झाली तर लोक आधी आजूबाजूला बघून घेतात, दार बंद आहे ना. विल्सन रुमावनं दार उघडं टाकलं. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली प्रार्थना आटोपून तो आणि सेलीन हॉस्पिटलमध्ये गेले, नसरुद्दीनला त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. नसरुद्दीन ऐकून भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. विल्सन तिथे दोन तास बसला. माफ कर असं म्हणून त्यानं त्या माणसावर माफ करायचं ओझं टाकलं नाही.

शनिवारी सकाळी टूलबॉक्स टॉकला ऐंशी माणसं उभी होती. विल्सननं टॅग वर धरला. "ये साइन मेरा है," तो म्हणाला. पट्टाही माझाच. रिफतनं खोटं काही केलं नाही, खोटा आळ मी घेतला. मग तो चालत रिफतपर्यंत गेला आणि सगळ्यांच्या देखत त्याच्यासमोर हात जोडले. रिफत घाबरून ते हात खाली ओढायला लागला. मागून कुणीतरी ओरडलं, साब, हो जाता है! विल्सननं नकारार्थी मान हलवली. ज्यानं ही सही केली तो यार्डात राहणार नाही, असं मी म्हटलं होतं. मी सही केलीय.

सदानंदनं त्याला थांबवायची पराकाष्ठा केली. वॉर्निंग घे, सहा महिने ऑफिसात बस, एकवीस वर्षं आहेत तुझी! विल्सन ऐकून घेत होता. "सदा, रिफत असता तर तू त्याला सहा महिने ऑफिसात बसवलं असतंस?" एवढंच म्हणाला.

रविवारी रिपोर्ट पाठवायचा होता. हेड ऑफिसचा फॉर्म कॉम्प्युटरवर असतो. विल्सन समोर बसून किल्ल्या आणि कागद परत देत होता, सदानंद टाइप करत होता. 'चौकशी कुणी केली': विल्सन रुमाव. खाली, 'चूक कुणाची': विल्सन रुमाव. बटण दाबलं तर फॉर्म लाल झाला. दोन्ही ठिकाणी एकच नाव चालणार नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल. असा माणूस असू शकतो, हे फॉर्म करणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"वरचं काढ," विल्सन म्हणाला.

"अरे, पण शोधलंस तू! वरचं काढलं तर तिकडे फक्त तुझी चूकच दिसेल. आयुष्यभर कागदावर तेवढंच राहील."

"मग राहू दे. वर कुणाचंही घाल, तुझं घाल. खालचं हलवू नको."

सदानंदनं वर स्वतःचं नाव टाकलं. फॉर्म गेला.

आठ दिवसांनी, विल्सन आणि सेलीन वसईला परतल्यावर, हेड ऑफिसमधून मेल आला. सगळ्या यार्डांच्या मॅनेजरांना एकेक प्रत होती. श्री. सदानंद आगटे यांनी आपल्या जवळच्या सहकाऱ्याचीही गय न करता जी निर्भीड आणि निःपक्षपाती चौकशी केली, ती सर्वांनी आदर्श म्हणून पुढे ठेवावी, असं लिहिलं होतं.

सदानंदनं मेल दोनदा वाचला. मग उत्तर लिहायला घेतलं. आधी लांबलचक लिहिलं, ते खोडलं. शेवटी तीनच वाक्यं ठेवली. ही चौकशी मी केलेली नाही, ती विल्सन रुमाव यांनी केली. सत्य मला त्यांच्या दोन दिवस आधी कळलं होतं. मी ते दाबायला निघालो होतो.

मेलवरची सगळी नावं त्यानं तशीच राहू दिली आणि पाठवून दिला.